सारिया ते सान्तियागो: सहा दिवसांची पायवारी

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला, संत जेम्सच्या (स्पॅनिशमध्ये सान्तियागो) समाधीला, चालत जाणाऱ्यांपैकी सर्वाधिक जण सारियापासून निघतात. 'कोम्पोस्तेला' हे लॅटिन प्रमाणपत्र मिळवायला किमान 100 किलोमीटर पायी चालावं लागतं आणि सारियापासून कॅथीड्रलपर्यंत साधारण 115 भरतात. पुष्कळ जण हे अंतर पाच दिवसांत उरकतात. मी सहा घेतले, आणि विचाराल त्याला तेच सांगेन. पाच दिवसांच्या हिशेबात पालास दे रेइ ते आर्थूआ हे 29 किलोमीटर एका दमात येतात, ओढ्यात उतरा की लगेच चढा. पायाला फोड येतात ते इथेच. मध्ये मेलिदेला मुक्काम केला की 15 आणि 14 अशी वाटणी होते.

पहिला मुक्काम पोर्तोमारीन, 22 किलोमीटरवर. मिन्यो नदीवरचा लांब पूल संपतो तोच समोर उभा दगडी जिना, तोही दिवसाच्या शेवटी. बेलेसार धरणाच्या पाण्याखाली 1963 साली जुनं गाव गेलं. त्याआधी तिथलं किल्ल्यासारखं चर्च सुटं करून, एकेक दगड वर नेऊन पुन्हा रचलं. भिंतीला अगदी जवळ जाऊन पाहा, दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून दिसतात. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, तशा इथेही जुन्या गावाच्या भिंती वर येतात.

वाटेत चुकायला फारशी जागा नाही. पिवळे बाण आणि शिंपला कोरलेले खांब असतात, खांबावर उरलेलं अंतर. यात्रेकरूच्या पासवर, म्हणजे 'क्रेदेन्सियाल'वर, रोज दोन शिक्के हवेत. चर्च, धर्मशाळा, साधा बारसुद्धा शिक्का मारतो. संध्याकाळी आठवण झाली तर एकच मिळतो, म्हणून पहिला सकाळच्या कॉफीबरोबरच घ्यावा.

सरकारी धर्मशाळांत (त्यांना 'अल्बेर्गे' म्हणतात) आगाऊ बुकिंग नसतं, आधी येईल त्याला खाट. स्वयंपाकघर असतं, पण पुष्कळदा एक पातेलंही नसतं. खिचडीच्या भरवशावर राहू नये.

जेवणाचं खरं दुखणं शाकाहाऱ्यांचं. मेलिदे ऑक्टोपससाठी प्रसिद्ध: तांब्याच्या हंड्यात उकडायचा, कात्रीने कापायचा, लाकडी ताटलीत ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि लाल तिखट घालून द्यायचा. बटाटा-पाल्याचं निरागस दिसणारं 'काल्दो गायेगो' हे सूपही बहुधा डुकराच्या चरबीवर शिजतं. नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं तर सॅलडवर ट्यूना येतो. 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना नको) हेही म्हणावं. बटाट्याचं ऑम्लेट चालत असेल तर निभावतं. आर्थूआचं मऊ चीज आणि पाव चुकवू नका.

शेवटचा मुक्काम पेद्रोउथोला, तिथून 20 किलोमीटर. मोन्ते दो गोथोच्या टेकडीवरून कॅथीड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात, पण त्यानंतरचा तासभर सगळा डांबरी रस्ता आणि सिग्नल. पाठीवरची सॅक घेऊन कॅथीड्रलमध्ये सोडत नाहीत, ती आधी सामानघरात टाका. मग रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात टोकन घ्या. नोंदणी मोबाइलवर आधीच केलेली असली तर वेळ वाचतो. ज्यासाठी सगळे माना वर करून बसतात ती 53 किलोची धूपदानी, बोताफुमेइरो, रोज झुलत नाही. ती सणाला झुलते, नाहीतर कोणी पैसे भरले तर. मातेओ या शिल्पकाराचा 1188 चा 'पोर्तिको दे ला ग्लोरिया', म्हणजे कॅथीड्रलचं कोरीव प्रवेशद्वार, मात्र तिकीट काढून पाहाच. मधल्या खांबाला शतकानुशतकं हात लावून पाच बोटांचे खळगे पडलेत. आता हात लावू देत नाहीत.

एक दिवस हाताशी असेल तर बसने पाद्रोन गाठा, अर्ध्या तासाचं अंतर. संताचा देह घेऊन आलेली नाव ज्या दगडाला बांधली असं मानतात, तो तिथल्या चर्चच्या वेदीखाली आहे. बाहेर येऊन पाद्रोनच्या मिरच्या मागवा: बोटाएवढ्या, तेलात परतलेल्या, वर जाडं मीठ. बहुतेक गोड्या निघतात, मधूनच एखादी झणझणीत.