आमची वाटचाल : वैद्यांचा च्यवनप्राश दुकानात गेला तेव्हा

कायद्यात एक सवलत आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांपुरतं औषध बनवलं तर त्याला उत्पादनाचा परवाना लागत नाही. माझे सासरे याच सवलतीत वर्षानुवर्षं च्यवनप्राश करत होते. कार्तिकात आवळा आला की मागच्या अंगणात चूल पेटायची ती थेट थंडी सरेपर्यंत. कुणाला किती द्यायचा ते भूक, झोप, पोट विचारून तेच ठरवायचे. काहींना सरळ परत पाठवायचे : "आधी पोट साफ होऊ दे, मग बघू."

मी घरात आले ती वाणिज्य शाखेची पदवी घेऊन. दुकानांतून विचारणा होतेय, तर रीतसर धंदा का करू नये, हा प्रश्न माझाच. नणंद बी.ए.एम.एस. झालेली, त्यामुळे परवान्यासाठी लागणारी तांत्रिक माणसं शोधायला बाहेर जावं लागलं नाही. १९४०च्या औषध कायद्याखाली अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज, 'शेड्यूल टी' म्हणजे औषध कारखान्याच्या स्वच्छतेच्या आणि उत्पादनाच्या नियमांप्रमाणे कच्च्या मालाची, पाकाची, भरणीची वेगळी जागा, धुता येतील अशा भिंती, प्रत्येक घाण्याची नोंदवही. कर्ज काढलं, चुलीच्या जागी वाफेवरची स्टीलची कढई आली. हे सगळं कष्टाचं होतं, पण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. परवाना असलेला प्रत्येक जण यातूनच जातो.

खरी अडचण माल दुकानात गेल्यावर कळली. डबा घेणाऱ्याला भूक-झोप विचारणारं तिथे कुणी नव्हतं. फोन येऊ लागले. दुधासोबत घ्यायचा का? बाळाला चाटवू का? मधुमेह आहे, चालेल? सासरे फोनवर अर्धा अर्धा तास बोलत आणि माझी नणंद ते वहीत उतरवून घेई. त्या वहीतून आमच्या डब्यातली माहितीची चिठ्ठी तयार झाली. एका बाजूची होती, आता दोन्ही बाजू भरल्यात. वितरक म्हणतो, एवढं कोण वाचतं? वाचतात. फोन करणारे लोक चिठ्ठीतली ओळ वाचून दाखवून पुढचं विचारतात.

आमची कृती चरकसंहितेतल्या रसायन, म्हणजे बल-आयुष्य वाढवणाऱ्या औषधांच्या, प्रकरणावर आधारलेली. दशमुळं आणि बाकीच्या वनस्पतींच्या काढ्यात आवळे पुरचुंडी बांधून शिजवायचे, बिया आणि रेषा काढून गर तूप आणि तिळाच्या तेलात परतायचा, मग साखरेचा पाक. शेवटी वंशलोचन (बांबूच्या पेरांत साठणारा पांढरा पदार्थ), पिंपळी, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर. मध मात्र कढई पूर्ण गार झाल्यावरच. गरम मालात मध घालणं आयुर्वेदाला मान्य नाही, आणि इथे घाई केलेली सासऱ्यांना आजही खपत नाही. कढईला तापमापक आहे, तरी ते थोडा पाक पाण्यात टाकून तळाशी बसतो का आणि दोन बोटांत दाबल्यावर ठसा उमटतो का, हे पाहिल्याशिवाय आच बंद करू देत नाहीत.

मूळ कृतीत अष्टवर्ग नावाच्या आठ वनस्पतींपैकी काही आहेत. त्या हिमालयातल्या, अतिशय दुर्मीळ. परंपरेनेच त्यांचे पर्याय दिलेत : मेदा-महामेदाऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. आम्ही पर्यायच वापरतो आणि डब्यावर पर्यायांचीच नावं छापतो. यात प्रामाणिकपणा आहेच, पण कारण आणखी व्यावहारिक आहे. अश्वगंधेमुळे काहींची थायरॉइडची पातळी बदलू शकते, तिच्यामुळे यकृताला त्रास झाल्याची उदाहरणंही नोंदली गेली आहेत, आणि गरोदरपणात ती टाळतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईने डब्यावर 'काकोली' वाचलं तर तिला काय कळणार?

पिंपळीचंही तसंच. तिच्यातल्या पायपरीन या तिखट द्रव्यामुळे इतर काही औषधं शरीरात जास्त शोषली जातात. म्हणून रोजच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या, चिठ्ठीत पहिली सूचना आहे ती डॉक्टरांना डबा दाखवण्याची. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य आमच्या जाहिरातीत कधी आलं नाही. अपाय करण्याची ताकद नसलेल्या वस्तूत गुण तरी कुठून येणार, असं सासरे म्हणतात.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला आम्ही सकाळी अर्धा चमचा सांगतो, तोही निदान आठवडाभर. पदार्थ जड आहे, त्यात तूप आहे, तेल आहे. पोट फुगलं, जुलाब झाले, छातीत जळजळ झाली तर थांबायचं. पचलं तर चमचाभर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. चिठ्ठीत ठळक अक्षरांत एक ओळ आहे : एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, कारण यात मध आहे आणि मधातून तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. या ओळीवरून आज्या आमच्याशी भांडल्यात. ओळ तशीच आहे.

साखर आमच्या डब्यात वजनाने निम्म्याच्या आसपास आहे. साखरमुक्त बनवा, असा आग्रह दरवर्षी होतो. आम्ही करत नाही. माल टिकतो तो साखरेमुळेच, आणि सॉर्बिटॉलसारखे पर्याय जास्त झाले की पोट ढिलं करतात. मधुमेही गिऱ्हाईक आम्ही गमावतो, हे माहीत आहे. क जीवनसत्त्वासाठी च्यवनप्राश हवा असणाऱ्यांना मी ताजा आवळा खायला सांगते. शिजवताना ते घटतंच.

२०२० साली आयुष मंत्रालयाने रोज सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश सुचवला आणि मागणी एकदम उसळली. त्यातच, मधुमेहींनी साखरविरहित घ्यावा, असंही होतं. तेवढंच लोक विसरले. वितरकाला डब्यावर रोगांची यादी हवी होती, मधुमेहापासून सुरुवात. १९५४च्या जादूटोणा-उपचारांच्या जाहिरातबंदीच्या कायद्यात मधुमेह बरा करण्याचा दावाच निषिद्ध आहे. आमच्या डब्यावर 'बलवर्धक, खोकल्यानंतरच्या अशक्तपणात उपयुक्त' एवढंच राहिलं. त्या हंगामात वंशलोचनाचे भाव चढले आणि बाजारात बनावट माल आला. तेव्हापासून प्रत्येक खेप तपासूनच घेतो. तयार मालही प्रयोगशाळेत जातो. शिसं दहा, आर्सेनिक तीन, पारा एक आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), या मर्यादांच्या आत असेल तरच डबे भरले जातात. मुळं जमिनीतून काय उचलतील ते सांगता येत नाही. तपासणीचा खर्च छोट्या घाण्याला झेपत नाही, म्हणून घाणे मोठे आणि कमी केले. चव मात्र एकसारखी आली नाही. रानआवळा जास्त मिळाला की माल तुरट आणि काळसर होतो. तक्रार आली की आम्ही ते समजावून सांगतो.

आता लोकांना अश्वगंधेचं चूर्ण हवंय, झोपेसाठी, ताकदीसाठी. ते बनवायचा परवाना आहे, माल आहे, दुकानदार तयार आहेत. नणंदेचं म्हणणं, च्यवनप्राशात ती इतरांसोबत थोडी असते, चूर्णात तीच एकटी, म्हणजे प्रमाण जास्त, आणि झोपेच्या गोळ्या घेणारा माणूसही ते घरी नेईल. तिच्या अटीप्रमाणे ते दुकानात जाणार नाही. दवाखान्यात येऊन बोललेल्यालाच मिळेल. हिशेबात ते बसत नाही, असं मी तिला सांगितलंय. सध्या आम्ही तिच्याच अटीवर ते विकतोय.