काकपद

मुद्रितशोधनाच्या कामात मी गेली एकवीस वर्षे आहे. आधी पणजीतल्या एका मराठी दैनिकात रात्रपाळीला होतो, आता म्हापशाच्या बाजारामागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात बसतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, जत्रेच्या स्मरणिका, भजनांच्या पुस्तिका असे सगळे माझ्या टेबलावरून जाते. माझे घराणे अहमदनगरकडचे, ख्रिस्ती, आणि आमच्या घरी रोज संध्याकाळी मराठी पवित्र शास्त्र मोठ्याने वाचले जाई. त्यामुळे ख्रिस्ती मजकूर आला की मालक तो दुसऱ्या कोणाकडे न देता माझ्यापुढे आणून ठेवतात.

जुलैमधली एक दुपार होती आणि पाऊस असा लागला होता की दिवसाही दिवे लावून बसावे लागत होते. एका प्रार्थनासमूहाची अठ्ठेचाळीस पानांची, म्हणजे तीन फर्म्यांची पुस्तिका दुसऱ्या प्रुफाला आली होती. विषय होता देणगी आणि आशीर्वाद. भाषा सोपी होती, शुद्धलेखन बरे होते, जवळजवळ प्रत्येक पानावर शास्त्रातले वचन ठळक अक्षरांत आणि अवतरणचिन्हांत दिलेले होते. सांगणे एवढेच होते की देवाच्या कामासाठी दिलेला पैसा हे बी आहे, ते विश्वासाने पेरले की देव शंभरपट पीक द्यायला बांधील आहे, आणि पीक आले नाही तर दोष पेरणाऱ्याच्या विश्वासाचा आहे. ‘बांधील’ हा शब्द मला खटकला, पण मजकुराशी असहमत होणे हे माझे काम नव्हे, म्हणून मी पुढे वाचत राहिलो.

एकोणिसाव्या पानावर मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातले तिसावे वचन होते. ज्याने माझ्याकरिता व सुवार्तेकरिता घरदार सोडले त्याला आताच शंभरपटीने घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते मिळतील, असे प्रभू शिष्यांना सांगतो, ते. वाचताना माझी जीभ अडखळली. लहानपणापासून कानांत बसलेल्या वाक्याची चाल मोडली होती. मी कपाटातून शास्त्र काढले आणि बोट ठेवून शब्दाला शब्द लावला. ‘शंभरपटीने’च्या शेजारी एक शब्द असायला हवा होता : छळणुकीबरोबर. तो नव्हता. त्याच्या जागी तीन टिंबेही नव्हती. वाक्य दोन्ही बाजूंनी असे जवळ ओढून बसवले होते की तिथे काही होते याची खूणही राहिली नव्हती.

आमच्या धंद्यात गाळलेला शब्द भरण्यासाठी ओळीखाली जी खूण करतात तिला काकपद म्हणतात, कारण ती कावळ्याच्या पायासारखी दिसते. मी लाल शाईने ती खूण केली आणि समासात शब्द लिहिला. शब्द गळणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या एका इंग्रजी बायबलात ‘व्यभिचार करू नको’ या आज्ञेतला नकारच गळाला होता, आणि राजाच्या छपाईवाल्यांना तीनशे पौंडांचा दंड झाला होता. म्हणून आधी मला वाटले की हाही टंकनातला दोष असेल. मग पंचेचाळीसाव्या पानावर तेच वचन पुन्हा आले आणि तिथेही तो शब्द नव्हता. मी मूळ हस्तलिखित मागवले. त्यातही नव्हता.

आता मला जे वाटले ते स्पष्ट सांगतो. मला राग आला, आणि रागाच्या खाली एक प्रकारचा आनंद होता. सापडला, असे वाटले. हा आनंद माझ्या ओळखीचा आहे आणि त्याची मला भीती वाटते, त्याचे कारण जुने आहे.

काही वर्षांपूर्वी बार्देशातले एक वयोवृद्ध कॅथलिक मास्तर आपल्या पत्नीच्या वर्षश्राद्धाची मराठी पत्रिका छापायला आले होते. त्यांच्या शेजारीपाजारी मराठी शाळेत शिकलेली हिंदू कुटुंबे होती, त्यांच्यासाठी त्यांना मराठीतून पत्रिका हवी होती. त्यांनी दाविदाच्या पश्चात्तापाच्या स्तोत्राचा क्रमांक पन्नास लिहिला होता. मी तो खोडून एक्कावन्न केला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, ‘‘मास्तर, शास्त्र उघडून बघत जा.’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘आमच्या जुन्या लॅटिन पुस्तकात ते पन्नासावेच आहे, बाबा.’’ नंतर मी शोधले. ग्रीक आणि त्यावरून आलेल्या लॅटिन शास्त्रात नववे आणि दहावे स्तोत्र एकच धरतात, त्यामुळे पुढची बहुतेक स्तोत्रे हिब्रू क्रमांकापेक्षा एकाने मागे पडतात. मास्तर चुकले नव्हते. ज्या स्तोत्रात देव भग्न आणि अनुतप्त हृदय तुच्छ मानत नाही असे म्हटले आहे, त्याचाच क्रमांक मी उद्दामपणे एका शोक करणाऱ्या माणसाच्या तोंडावर फेकला होता. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी मला चहा दिला, आणि त्या गोष्टीवर एक शब्दही बोलले नाहीत.

म्हणून त्या दुपारी मी पेन खाली ठेवले, ते एक्कावन्नावे स्तोत्र वाचले, आणि मला हे काम तुझ्यासमोर उभा राहून करू दे, एवढीच प्रार्थना केली. मग मालकांना सगळे दाखवले. ते हिंदू आहेत आणि शास्त्राच्या अर्थात पडत नाहीत, पण धंद्याचे नियम त्यांना पक्के ठाऊक आहेत. ते म्हणाले, ‘‘अवतरणचिन्हांत आहे तर मुळाबरहुकूम हवे. नाहीतर चिन्हे काढायला सांगा. फोन करून विचारा.’’

मी पुस्तिकेच्या लेखकांना, म्हणजे त्या समूहाच्या उपदेशकांना फोन केला. त्यांचा आवाज गोड होता आणि ते माझ्याशी आदराने बोलले. शब्द राहून गेला असेल तर घालतो, असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘राहिलेला नाही, भाऊ. नव्या विश्वासणाऱ्यांना आधीच छळ कशाला ऐकवायचा? तुम्ही काना-मात्रा बघा, अर्थ आम्ही बघतो.’’ मी चिन्हे काढण्याची विनंती केली तेव्हा त्यांचा स्वर बदलला आणि देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये असे लिहिले आहे, याची त्यांनी मला आठवण दिली.

ते लिहिले आहेच. एकशे पाचव्या स्तोत्रात आहे. पण तिथे परक्या मुलखात भटकणाऱ्या आपल्या मूठभर लोकांना राजांनी इजा करू नये म्हणून देव राजांना दटावतो आहे. उपदेशकाला प्रश्न विचारू नये असे तिथे कोणी कोणाला सांगत नाही. उलट प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाच्या लोकांची स्तुती आहे ती एवढ्याचसाठी की, खुद्द प्रेषित पौलाने सांगितलेले तसेच आहे की काय, हे ते रोज शास्त्रात शोधून पाहत. आणि गलतीकरांना लिहिताना पौल म्हणतो की आम्ही किंवा स्वर्गातल्या दूतानेही वेगळी सुवार्ता सांगितली तर ती मानू नका. त्याने ‘आम्ही’ हा शब्द सगळ्यांत आधी घातला आहे. ज्याला स्वतःची तपासणी नको, त्याच्या शिकवणीची तपासणी आधी करावी, असे माझे मत त्या फोननंतर पक्के झाले.

मात्र गळलेला शब्द म्हणजे खोटी शिकवण, इतका सोपा हिशेब मी करू धजत नाही. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून एक्क्याण्णवावे स्तोत्र म्हणून दाखवले, तेव्हा त्यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द त्याच्या तोंडी नाहीत, आणि ते मत्तयातही नाहीत, लूकमध्येही नाहीत. पण प्रभूने त्याची गळती काढली नाही. ‘असाही शास्त्रलेख आहे’ असे म्हणून त्याने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले दुसरे वचन पुढे ठेवले : आपला देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नको. देवाला अटी घालून अडकवणे हेच मुळात चुकीचे आहे, शब्द पूर्ण असले तरी. मला त्या पुस्तिकेतला ‘बांधील’ हा शब्द पहिल्याच पानावर का खटकला, हे तेव्हा कळले.

साडेचारच्या सुमारास पुस्तिकेचे उरलेले पैसे भरायला एक बाई आली. पन्नाशीची, मूळची मिरजेकडची, कळंगुटच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेल धुण्याच्या कामावर. छत्री दाराशी उपडी ठेवून तिने पिशवीतली पिशवी काढली आणि त्यातून रुमालात बांधलेल्या नोटा. बारा हजार रुपये होते. पुस्तिकेचा निम्मा खर्च तिने आपल्या अंगावर घेतला होता. मी पावतीपुस्तक पुढे ओढता ओढता सहज विचारल्यावर ती म्हणाली की पाटल्या मोडल्या. मुलाची नोकरी गेली आहे, कर्ज आहे, आणि हे बी पेरले की शंभरपट येईल. ‘‘बारा हजाराचे बारा लाख,’’ ती म्हणाली, ‘‘पण मला एवढे नकोत, भाऊ. कर्जापुरते मिळाले तरी खूप झाले.’’

मला तिला काय सांगावे ते सुचेना. उपदेशकाविरुद्ध बोललो असतो तर ती उठून गेली असती आणि ते बरोबरच झाले असते. मी एवढेच म्हणालो, ‘‘ताई, एका ओळीवरून आमचे अडले आहे. तुम्ही वाचून बघता का?’’ आणि प्रूफ व शास्त्र दोन्ही तिच्यापुढे ठेवले.

ती चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने प्रथम प्रूफ वाचले, मग शास्त्रातल्या ओळीखाली बोट सरकवत एक एक अक्षर जुळवत वाचले. ‘छळणुकीबरोबर’ला ती थांबली, पुन्हा मागे गेली, आणि तो मोठा जोडशब्द दोनदा म्हणून पाहिला. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेले शास्त्र तिथल्या स्त्रियांनीच छापले होते आणि ते १९२४ मध्ये बाहेर आले, हे मला त्या क्षणी आठवले. असे शास्त्र कोणाच्या हातात जावे म्हणून त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीकचे कष्ट घेतले असतील, ते माझ्या समोर बसले होते.

मला वाटले होते की ती छळाबद्दल विचारेल. ती म्हणाली, ‘‘भाऊ, यात आयासुद्धा शंभरपट म्हटल्यात. शंभर आया कशा मिळतील?’’

एकवीस वर्षे वचने तपासतो आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या वचनांतल्या याद्या मी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. सोडलेल्यांत बाप आहे आणि मिळणाऱ्यांत नाही, हे मला ठाऊक होते, आणि ती गळती नसून शास्त्रच तसे आहे म्हणून तिथे काकपद करायचे नाही, हेही ठाऊक होते. पण आया पैशांत मोजता येत नाहीत, म्हणजे घरे आणि शेतेही येत नसावीत, हे मला दिसले नव्हते. मी काही बोलण्याआधी तीच पुढे म्हणाली, ‘‘नवरा गेला तेव्हा मी इकडे आले. कोणी ओळखीचे नव्हते. मंडळीतल्या बायकांनी मला घरात घेतले, एकीने तर चार महिने जेवू घातले. तेव्हा मला पाच-सहा आया मिळाल्या होत्या.’’ मग थोडे थांबून, ‘‘ते मी कुठे पेरले होते?’’

बाहेर पाण्याचा आवाज इतका होता की तिचे शेवटचे शब्द मला ओठांवरून वाचावे लागले.

तिने मला विचारले की मग मुलाचे काम होणारच नाही का. मी म्हणालो, मला माहीत नाही. जळत्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या तिघांनी, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुमच्या मूर्तीला नमणार नाही, असे राजाला सांगितले होते, तो दानीएलातला तिसरा अध्याय मी तिला काढून दिला. तिने तो भाग स्वतः वाचला, मी मध्ये बोललो नाही. ‘सोडवले नाही तरी’ला ती पुन्हा थांबली.

पाच वाजता उपदेशकांचा मालकांना फोन आला. शब्द घालायचा नाही, चिन्हेही काढायची नाहीत, काम दुसरीकडे देतो, फाइल पाठवून द्या. मालकांनी ठीक आहे म्हटले आणि हिशेब करून, झालेल्या जुळणीचे पैसे आधीच्या आगाऊ रकमेतून वळते करून, तिचे बारा हजार तिच्या हातात परत ठेवले. ती रुमाल पुन्हा बांधत बराच वेळ बसली. ते पैसे ती त्यांना नेऊन देईल की पाटल्यांचे बघेल, हे मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. तिने फक्त ते एकोणिसावे पान मागितले. प्रूफ बाहेर द्यायचे नसते, म्हणून मी वचन कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. पण तिला लाल खूण असलेलेच हवे होते. त्यांना दाखवायचे आहे, म्हणाली.

मी तिला सांगितले की सगळ्यांसमोर दाखवू नका. भावाचा अपराध आधी एकांतात त्याला सांगावा असे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. मास्तरांची पत्रिका माझ्या डोळ्यांपुढे होती. ती म्हणाली, ‘‘एकटीला मला जमायचे नाही, भाऊ. ते बोलायला लागले की माझे तोंड बंद होते.’’

मालकांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मी कोऱ्या कागदावरच्या वचनात तो एक शब्द पुन्हा लाल शाईने, ओळीच्या वर, खाली काकपद करून लिहिला आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिला दिला. रविवारी प्रार्थना झाल्यावर दुपारी तीन वाजता कळंगुटच्या तिठ्यावर भेटायचे, दोघांनी जायचे, आणि बोलायला तिने सुरुवात करायची, असे ठरले. पाऊस जरा ओसरला होता. ती छत्री न उघडताच कदंबच्या बसस्टँडकडे चालू लागली.