मत्तय 18 कुठे लावायचा आणि कुठे नाही

चर्चच्या मंडळीत दोघांचं बिनसलं की कोणीतरी म्हणतंच, "मत्तय अठराप्रमाणे जाऊ या." सल्ला योग्य आहे. पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात (मत्तय 18:15-17) येशूने वाद मिटवायला सांगितलेल्या तीन पायऱ्या नीट चढणारे थोडे, आणि भलत्याच प्रकरणाला त्या लावणारे पुष्कळ. समाजात मंडळीचा शब्द हलका पडतो तो बहुतेक या दुसऱ्या कारणाने, असं माझं मत आहे.

पहिली पायरी: ज्याने अपराध केला त्याला एकट्याने, एकांतात भेटायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नाही. एका भेटीत एकच मुद्दा घ्यायचा आणि कधी काय झालं ते नेमकं सांगायचं. "तुम्ही नेहमीच असं करता" म्हटलं की समोरचा मूळ गोष्ट सोडून त्या "नेहमीच"वरच भांडत बसतो. पण ही पायरी फसते ती बहुधा भेटीच्या आधीच. प्रार्थनासभेत "अमक्या बंधूंसाठी प्रार्थना करा, विषय सांगता येणार नाही" असं कोणी म्हटलं की एकांत संपला. ती चहाडीच, फक्त डोळे मिटून केलेली.

दुसरी पायरी: एक-दोघांना बरोबर न्यायचं. यामागे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा (19:15) नियम आहे, दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट पक्की व्हावी. हे लोक दबाव आणायला नसतात, काय बोललं गेलं ते ऐकायला असतात. म्हणून आपला मेहुणा किंवा कमिटीतला आपल्या गटाचा माणूस चालत नाही. समोरच्याचाही ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस हवा, आणि प्रसंगी "चूक तुझीच आहे" हे तक्रारदाराला सुनावण्याची त्याची तयारी हवी. उठण्यापूर्वी चार ओळी लिहून घ्याव्यात: तारीख, हजर कोण, काय ठरलं, कधीपर्यंत.

तिसरी पायरी मंडळीपुढे जाण्याची. प्रभुभोजनापासून (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीपासून) दूर ठेवायचं ठरलं तर ते पत्राने कळवावं. कारण, मुदत आणि परतीसाठी काय करायचं हे त्यात स्पष्ट असावं. परतीची वाट न लिहिलेली शिस्त म्हणजे नुसती हकालपट्टी. करिंथच्या मंडळीत शिक्षा झालेल्या माणसाबद्दल प्रेषित पौलच पुढे लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या (2 करिंथ 2:6-8). शिस्तीखाली असलेल्याच्या आईचा दफनविधी अडवणं याला तर शास्त्रात कुठेच आधार नाही. मत्तय 18 मधल्या या तीन वचनांच्या अलीकडे हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि पलीकडे सात वेळा सत्तर क्षमेची गोष्ट. दोन्हींच्या मधलं वाक्य तेवढं उचलून शिक्षेचं कलम बनवता येत नाही.

आता कुठे लावायचा नाही ते. चारचौघांत केलेल्या चुकीला एकांताची अट नाही: अंत्युखिया शहरात पौलाने प्रेषित पेत्राला सर्वांसमोरच बोल लावला (गलती 2:11-14). मंडळीच्या पैशांचंही तसंच. दोन सभासदांमधला उसनवारीचा वाद मत्तय 18 मध्ये बसतो. ट्रस्टच्या खात्यातली अफरातफर बसत नाही. तिथे लेखापरीक्षण आहे, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त आहेत, आणि "भावाला उघडं पाडू नका" हे हिशेब न दाखवण्याचं कारण होऊ शकत नाही.

सगळ्यात घातक चूक होते ती लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत. पहिली पायरी इथे लावली तर तिचा अर्थ होतो, मुलीने अत्याचार करणाऱ्याला एकटीने जाऊन भेटावं. आरोप पाळकावर (पास्टरवर) किंवा मंडळीच्या वडिलांवर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यावर, असेल तर लगेच 1 तीमथ्य 5:19 काढतात: दोन-तीन साक्षीदार आणा. असा गुन्हा साक्षीदार ठेवून कोणी करत नाही. शिवाय लगेचच्या 20 व्या वचनात पाप करणाऱ्यांना सर्वांदेखत दोष द्यायला सांगितलंय, ते कोणी वाचत नाही. "विश्वासणाऱ्याने कोर्टात जाऊ नये" हे 1 करिंथ 6 मधलं सांगणं आपसातल्या व्यवहाराच्या तंट्यांबद्दल आहे, पौल त्यांना क्षुल्लक म्हणतो. गुन्ह्याला शासन करण्याचं काम रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय अधिकाऱ्यांकडे देतो.

कायदाही स्पष्ट आहे. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे बालकावरील अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचीच असते. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. "आधी कमिटीत चौकशी करू" याला कायद्यात जागा नाही. कॅथलिक चर्चमध्ये 2019 पासून पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने धर्मगुरूंना असा प्रकार बिशपांना कळवणं बंधनकारक आहे, पण त्याने देशाच्या कायद्याखालची जबाबदारी सुटत नाही.

म्हणून रविवारच्या शाळेतल्या शिक्षिकेला मुलाने काही सांगितलं तर ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही. "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. त्याचेच शब्द, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी लिहायचे. आरोपीला जाब विचारायला जायचं नाही. त्याने तो सावध होतो, फोनमधलं पुसतो, घरच्यांवर दबाव आणतो. त्याला मुलांच्या कामातून लगेच बाजूला करायचं आणि पोलिसांत जायचं. मदतीला चाइल्डलाइन 1098 आहे. मंडळीची सभा बोलावायची ती त्यानंतर, आणि त्या सभेत मुलाचं नाव घ्यायचं नाही.