तुम्ही विचारलंत म्हणून: लाल झेंड्याचा खासदार उत्तर कोणाला देतो?

इंदूरच्या मराठी घरांत गिरणी कामगारांचे डावे पुढारी होमी दाजी यांचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. डावा प्रतिनिधी पक्षाला बांधील असतो की मतदाराला? पक्षाला, आणि फार काटेकोरपणे. आपल्याला तो उत्तर देतो ते आपण मागितलं तर.

माकपच्या घटनेनुसार निवडून आलेल्या सदस्याच्या पगार-भत्त्यांवर पक्ष लेव्ही (पक्षाला द्यायची ठरावीक रक्कम) ठरवतो, आणि त्याच्या कमाईवर पहिला हक्क तिचाच. सभागृहातला गट पक्षसमितीच्या देखरेखीखाली चालतो. बैठकीत हवा तेवढा वाद घाला. ठराव झाला की बाहेर एकच भूमिका. ही शिस्त मला मोलाची वाटते. पण बैठकीत आपला खासदार काय बोलला, हे मतदाराला कधीच कळत नाही, आणि ते मला खटकतं.

शिस्तीलाही हद्द आहे. जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा माकपचेच लोकसभाध्यक्ष सोमनाथ चटर्जींनी पद सोडायला नकार दिला. माकपने त्यांना काढलं, तरी ते २००९ पर्यंत अध्यक्ष राहिले. पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व जातं ते स्वतः पक्ष सोडला किंवा व्हिप (सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षादेश) मोडला तर, हकालपट्टीने नाही. आणि खासदाराला परत बोलावण्याचा हक्क मतदारालाही नाही.

दाजी १९६२ साली इंदूरहून लोकसभेत गेले ते अपक्ष म्हणून, आणि पक्षांतरबंदी तर १९८५ ची, म्हणजे ती त्यांना लागूच नव्हती. गिरणी कामगारांच्या पुढाऱ्याला खरा जाब द्यावा लागे तो गेट मीटिंगला, म्हणजे गिरणीच्या दारातल्या सभेत, पाळी सुटताना. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तो गेट आता नाही, म्हणून कागद मागायचे.

खासदारनिधी वर्षाला पाच कोटी. कलेक्टोरेटमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज द्या, शुल्क दहा रुपये. अर्ज हिंदीत लिहा: कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा मान्य करतो, त्यामुळे इथे मराठी अर्जाचा आग्रह धरता येत नाही. वर्ष घालून तीनच कागद मागा: शिफारस केलेल्या कामांची यादी, मंजुरीचे आदेश, खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र. ‘काम का झालं नाही’ असं लिहिलंत की अर्ज परत येतो, कारण ‘का’ विचारणं म्हणजे कागद मागणं नव्हे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

मतदानाचं जास्त अवघड. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात आणि कोणी काय म्हटलं याची नोंदच राहत नाही. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, झाली तरच नावं उमटतात. म्हणून डाव्या खासदाराने मतविभागणी किती वेळा मागितली, हे मी त्याच्या भाषणांच्या आधी बघेन.

पक्षाच्या दारात मात्र माहिती अधिकार अडतो. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने भाकप आणि माकप धरून सहा राष्ट्रीय पक्ष या कायद्याखाली येतात असा निर्णय दिला. एकानेही तो पाळला नाही. देणगीदाराचं नाव गुप्त ठेवणाऱ्या निवडणूक रोख्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्या माकपनेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते रोखे रद्द झाले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण मत मागायला दारात आलेल्या डाव्या उमेदवाराला मी आधी हेच विचारेन: दुसऱ्यांचे देणगीदार उघड करायला लावलेत, मग तुमच्या पक्षकचेरीत माहिती अधिकाराचा अर्ज कोण घेणार?