बॉल गेला कुठे?

रविवार, रात्री साडेदहा. रामबाग, इंदूर.

बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज चौथा दिवस. उजव्याने आधीपासूनच धूसर दिसतं, म्हणून सध्या टीव्ही नुसता ऐकायचा. दुपारी मॅच लावून दिली तर पाच ओव्हरमध्ये वैतागले. "काय शॉट, काय शॉट म्हणून ओरडतोय नुसता. बॉल गेला कुठे?"

खरंच की. चित्र समोर असल्यावर टीव्हीवाला ते कशाला सांगेल? रेडिओवर मात्र बॉलर कुठल्या एंडकडून येतोय, स्लिपमध्ये किती जण, सगळं बोलूनच उभं करायचं. स्कोअर तर घडीघडीला, कारण कुणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो.

बाबा सुशील दोशींच्या हिंदी कॉमेंट्रीवर पोसलेले. दोशी आपल्या इंदूरचेच. शिक्षण इंजिनिअरिंगचं, आयुष्य गेलं माइकसमोर, रेडिओवर आणि टीव्हीवरही. २०१६ साली पद्मश्री मिळाली. होळकर स्टेडियमच्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे. खेळणाऱ्यांची नावं स्टँडला देतातच. बोलणाऱ्याचं नाव बोलायच्या खोलीला दिलं, हे मला फार आवडतं.

आमच्या घरात बोलणं मराठी, पण क्रिकेट हिंदीत. आजीला खेळातलं ओ की ठो कळत नसे, तरी आम्ही अंगणातून रस्त्यावर पळालो की आतून ओरडायची, "गेली बघ सीमा रेखा के बाहर!"

८ डिसेंबर २०११ ला सेहवागने इथे २१९ केले तेव्हा बाबा स्टेडियममध्ये होते. कानाला ट्रान्झिस्टर. समोर मॅच चालू असताना हे कशाला, तर म्हणाले, "दिसतं गं, पण कळायला नको?"

तर आज शेवटी मीच टीव्हीचा आवाज बंद करून कॉमेंट्री सुरू केली. "ऑफला मारला."

"ऑफला म्हणजे? पॉइंट की कव्हर?"

"त्या... जाड्या फील्डरकडे."

तीन ओव्हरमध्ये घसा कोरडा. बॉल बघू, की बोलू, की स्कोअर सांगू? ही माणसं दिवसभर कशी बोलत असतील देव जाणे. मग एका बॉलला दांडी उडाली आणि मी बघतच राहिले.

"आउट ना?" बाबा म्हणाले. "गप्प झालीस तू."

सकाळी सहाला ड्रॉप घालायचेत. अलार्म लावला.