तंबूआधी जमीन: डोंगर-जंगलातल्या बिनसोयीच्या मुक्कामाचा अनुभव

गाडीरस्ता किंवा पायवाट जिथे संपते तिथे झाडांमध्ये चार-पाच मोकळ्या जागा, फार तर दगड रचून केलेली एखादी चूल. नळ नाही, दिवा नाही, कचरापेटी नाही, बहुतेक ठिकाणी संडासही नाही. अशा मुक्कामांबद्दल लिहितोय. इथे रात्र कशी जाणार हे तंबूच्या किमतीपेक्षा तो कुठल्या जमिनीवर लावलाय यावर जास्त ठरतं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. खोलगट जागेत लावलेला महागडा तंबू भिजतो आणि नीट जागा बघून लावलेला साधा तंबू पावसात निभावून नेतो.

म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी जागेवर पोचायचं हे मी मोडत नाही. दरीत सूर्य डोंगराआड तासभर आधीच जातो, तेही हिशोबात धरायचं. पोचल्यावर सॅक टेकवायची, पण तंबू बाहेर काढायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं नुसतं फिरायचं.

नजर आधी वर. उभं वाळलेलं झाड, दुसऱ्या झाडात अडकलेली तुटकी फांदी, साल सुटलेलं खोड असलं काही डोक्यावर असेल तर जागा बाद. अशी फांदी पडायला वारा लागतोच असं नाही, पावसात भिजून जड झाली तरी खाली येते. वाळक्या झाडापासून त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतर ठेवतो.

मग नजर खाली. पाला आणि बारीक काटक्या एका रेषेत अडकलेल्या दिसल्या की तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. वाळून भेगा पडलेली, पापुद्रे सुटलेली चिकणमाती म्हणजे पाणी साठण्याची जागा. सगळ्यात जास्त फसवते ती मुक्कामातली सर्वांत ‘छान’ दिसणारी जागा: सपाट, गवत नसलेली, वर्षानुवर्षं तंबू लागून टणक झालेली. बसून, डोळे जमिनीच्या पातळीला आणून बघितलं की कळतं, ती मधोमध ताटासारखी खोल झालेली असते. माती दाबली गेल्यामुळे पाणी मुरत नाही, पाऊस आला की त्या ताटात तंबू तरंगतो. तिच्या शेजारची, पालापाचोळ्याची किंचित उतरती जागा बहुतेक वेळा बरी. थोडा उतार हवाच, पाणी वाहून जातं. मॅट न टाकता तिथे आडवं होऊन बघायचं: उतार कुठल्या बाजूला आहे ते पाठीला लगेच समजतं, आणि टोचणारा दगड किंवा मुळीही. डोकं चढाच्या बाजूला.

ओढ्याच्या काठाचा मोह टाळावा. काठापासून किमान ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं दूर. पूर आणि पाण्याची स्वच्छता ही दोन कारणं आहेतच, तिसरं गारठ्याचं. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साठते. तळापासून १०-१५ मीटर वर चढून मुक्काम केला तरी फरक अंगाला जाणवतो, तंबूवर दवही कमी पडतं. पार माथ्यावर किंवा धारेवर मात्र जायचं नाही, तिथे वारा आणि वीज दोन्ही आहेत. तंबूभोवती चर खणण्याची जुनी सवय अजून दिसते. शिवलेल्या तळाच्या तंबूला त्याचा उपयोग नाही, आणि त्याच चरातून पुढच्या पावसात माती वाहून जाते.

आता तंबू. खाली टाकायचं कापड तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर तरी आत हवं. ते बाहेर डोकावत असेल तर फ्लायवरून, म्हणजे तंबूच्या बाहेरच्या पाऊस अडवणाऱ्या आवरणावरून, ओघळलेलं पाणी त्याच्या काठावर पडतं, कापड आणि तळ यांच्या मधे शिरतं आणि तिथेच अडकतं. वर झोपलेल्या माणसाच्या कोपराचा, गुडघ्याचा दाब पडला की ते तळातून वर झिरपतं. मग सकाळी ‘तंबू गळला’ म्हणून छताच्या शिवणी तपासल्या जातात. मोठं कापड असेल तर कडा खालच्या बाजूला दुमडायच्या, वर नाही.

तंबूची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या आडोशाला. जोराचा वारा असेल तर आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे ठोकून घ्यायचे आणि मगच पोल (तंबू उभा धरणाऱ्या जोडनळ्या) घालायचे, नाहीतर इनर, म्हणजे आतला तंबू, पतंगासारखा उडतो. पोल बाहीतून लोटायचा, ओढायचा नाही. ओढला की जोड सुटतो, आणि अर्धवट बसलेल्या जोडावर वाक आला की नळीचं तोंड चिरतं. त्यासाठी दुरुस्तीची छोटी नळी आणि चिकटपट्टी सोबत असतेच: नळी मोडलेल्या जागेवर सरकवायची, दोन्ही टोकं पट्टीने गुंडाळायची.

पेग, म्हणजे दोरी धरणारा खुंटा, ठोकताना त्याचं डोकं तंबूपासून दूर कललेलं हवं आणि दोरी पेगशी साधारण काटकोनात यावी. पेग पूर्ण आत गेला पाहिजे. निम्मा वर राहिला तर दोरी वरच्या टोकाला धरून त्याला तरफेसारखी उखडते. खडकाळ जमिनीत पेग वाकवत बसण्यापेक्षा दगड बरे, पण दोरी थेट दगडाला गुंडाळू नये. धारेवर घासून ती तुटते आणि ताण कमीजास्त करता येत नाही. मी दोरीच्या फासात वीतभर लांबीची जाड काटकी आडवी अडकवतो. काटकी तंबूपासून दूर टेकवायची, तिच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर एक छोटा दगड, आणि त्याला अडवून ठेवणारा मोठा दगड. काटकी दगडांना भिडते आणि जितकं ओढावं तितकं घट्ट बसतं.

नायलॉनचा फ्लाय भिजला किंवा गारठला की सैल पडतो. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू रात्री नऊला लोंबायला लागतो, इनरला चिकटतो आणि आत ओल येते. झोपण्याआधी एक फेरी मारून सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या. पॉलिएस्टरला हा त्रास कमी.

आतून भिजण्याचं दुसरं कारण आपण स्वतः. श्वासातून आणि त्वचेतून एका माणसाचं कपभर पाणी तरी रात्रीत बाहेर पडतं आणि थंड फ्लायच्या आतल्या बाजूला थेंब धरतं. थंडी वाजते म्हणून तंबूच्या हवा खेळवणाऱ्या सगळ्या झडपा बंद केल्या की सकाळी स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं झालेलं असतं. वरची झडप उघडी आणि दाराची चेन वरून वीतभर खुली ठेवतो. ओले कपडे आत वाळत घालायचे नाहीत, बॅगेत तोंड खुपसून श्वास सोडायचा नाही.

थंडीचं म्हणाल तर बहुतेक लोक जाड स्लीपिंग बॅग आणतात आणि मॅटवर काटकसर करतात. अंगाखाली दबलेला बॅगेतला भराव हवा धरत नाही, त्यामुळे खालून ऊब द्यायचं काम जवळजवळ पूर्णपणे मॅटचं. मॅटवर ‘आर’ मूल्य, म्हणजे ती उष्णता किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेलं असतं: उन्हाळ्यात १ ते २ पुरे, गारठ्याच्या डोंगरी रात्रीसाठी ३ ते ४, बर्फावर ५ च्या पुढे. ही मूल्यं बेरजेने वाढतात. २ ची फोम मॅट आणि ३ ची हवेची मॅट एकावर एक टाकली की ५. हवेची मॅट फुटली तरी फोम उरते, म्हणून मी फोम सोडत नाही, सॅकला कितीही बोजड दिसली तरी. हवेची मॅट संध्याकाळी फुगवली असेल तर रात्री आतली हवा गार होऊन ती मऊ पडते. ते छिद्र नव्हे. झोपताना दोन फुंकर घालायच्या.

स्लीपिंग बॅगेच्या लेबलवर आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तापमानाचे आकडे असतात. त्यातला ‘कम्फर्ट’चा आकडा धरावा. ‘लिमिट’ हा अंग आकसून रात्र काढण्याचा आकडा आहे आणि ‘एक्स्ट्रीम’ जीव वाचवण्याचा, झोपेचा नव्हे. उंचीचाही हिशोब करायचा: दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सिअस वजा. पायथ्याला रात्री १५ असेल तर २००० मीटर वर गेल्यावर गोठणबिंदूच्या जवळ.

स्वयंपाकात गॅसची गंमत कळून घ्यायला हवी. कॅनिस्टरमधला (बर्नरच्या छोट्या गॅसडब्यातला) साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ ला उकळतो. त्याखाली त्याची वाफ होत नाही. मिश्रणातला प्रोपेन आधी जळून जातो, म्हणून नवा कॅनिस्टर थंडीत पेटतो आणि निम्मा संपलेला, हलवला तर आत खळखळतोय तरी, मंद जळतो. रात्री तो बॅगेत घेऊन झोपायचं, वापरताना उथळ ताटलीत कोमट पाणी घालून त्यात उभा करायचा. वारा अडवायचा पत्रा कॅनिस्टरभोवती पूर्ण गुंडाळू नये, तो तापून फुटू शकतो. आणि तंबूच्या आत बर्नर पेटवायचाच नाही, पावसातही. आगीचा धोका दिसतो तरी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी जवळ आहे असं नकाशा सांगतो, पण ऋतूच्या शेवटी झरा आटलेला असतो. पहिल्या रात्रीचं पाणी, माणशी चार लिटर, मी सोबतच नेतो. बाकीचं गाळून किंवा उकळून. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, विषाणू नाही. क्लोरीनच्या साध्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या चालतात, पण चार तास थांबावं लागतं. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा भिजल्यावर गोठला तर निकामी होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गारठ्यात तोही बॅगेत. बॅगेत शेवटी गॅस, फिल्टर, टॉर्चचे सेल, फोन आणि उरलेल्या जागेत आपण!

शौचासाठी पाणी, वाट आणि तंबू यांपासून ६० मीटरवर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, काळ्या भुसभुशीत मातीत. तिथे जिवाणू जास्त असतात. त्याहून खोल गेलं तर कुजणं मंदावतं. कागद पुरू नये, जनावरं उकरतात. चेनच्या पिशवीत घालून परत आणायचा. बर्फावर आणि झाडं संपतात त्या उंचीवर काहीच लवकर कुजत नाही, तिथे सगळंच परत आणावं लागतं. खड्डा अंधार पडायच्या आत खणून ठेवावा.

अन्न तंबूत ठेवायचं नाही. टूथपेस्ट, साबण, क्रीम हेही जनावराच्या नाकाला अन्नच. अस्वलांच्या प्रदेशात बंद डबा तंबूपासून शंभर मीटरवर, किंवा पिशवी जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर दूर टांगलेली. अस्वलं नसली तरी उंदीर सगळीकडे आहेत, आणि एका बिस्किटासाठी ते सॅकच्या कापडाला भोक पाडतात.

शेकोटी बंदी नसेल तरच, असलेल्या चुलीत, मनगटाएवढ्या पडलेल्या लाकडांची. विझवताना पाणी, ढवळणं, पुन्हा पाणी, आणि शेवटी उलटा हात राखेजवळ नेऊन बघणं. नुसती माती टाकली तर खाली निखारे धुमसत राहतात, मुळांतून आग दूर जाते. विजेचं म्हणाल तर चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर आलं की मोकळ्या जागेतून, एकट्या झाडाखालून निघायचं. गाडी जवळ असेल तर गाडीत. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

आवरताना पोल मधल्या जोडापासून घडी करत टोकांकडे जायचं, म्हणजे आतल्या रबराचा ताण दोन्हीकडे सारखा राहतो. पेग मोजून घ्यायचे. ओला फ्लाय इनरपासून वेगळ्या पिशवीत, आणि घरी पोचल्यावर त्याच दिवशी सावलीत पसरायचा. ओला गुंडाळून ठेवला तर एक-दोन दिवसांत बुरशी धरते, आणि पुढे आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन सुटतो, आंबूस वास येतो. तसं झालं की तो तंबू पावसाच्या कामाचा राहत नाही. स्लीपिंग बॅगही छोट्या पिशवीतून काढून मोठ्या सुती खोळीत सैल ठेवायची.