७९६ चं ८०८ झालं : ९७ च्या मारुतीच्या इंजिनाची आतापर्यंतची हकीकत

गोठ्याच्या तुळईला आता इंजिन लटकत नाही, ही बातमी आधी सांगतो. काका निवांत झालेत. चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) अडकवला त्या दिवसापासून ते रोज सकाळी तुळईखाली उभे राहून वर बघायचे. "माझ्या आज्यानं घातलेली तुळई हाय. इंजिन मोडलं तर दुसरं मिळतंय, तुळई कुठनं आणतोस?" त्यांचं खरं होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी सागवानी टेकू दिले होते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंग, बाबांनी घेतलेली. इंजिन एफ८बी, तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ आणि स्ट्रोक (पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर) ७२ मिलिमीटर. तिन्ही सिलिंडरांचं आकारमान काढलंत तर ७९६ सीसी येतात, ८०० कधीच नव्हती. हेच इंजिन ओम्नीतही होतं, त्यामुळं ८०० बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी पिस्टन, रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), बेअरिंग बेळगावात आजही काउंटरवर मिळतात. जुन्या गाडीच्या नादाला लागायचं असेल आणि खिसा माझ्यासारखा असेल, तर हे आधी बघा. गाडी किती देखणी आहे ते नंतर.

दुखणं दोन वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. कोल्हापूरहून येताना निपाणी सोडून तवंदी घाट चढायला लागलो की मागच्या गाड्या लांब राहायला लागल्या. निळा धूर. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर भसकन धूर आला असता तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घेतला असता. पण हा चढावर, इंजिन ओढत असताना येत होता, म्हणजे रिंगा. सिलिंडरातला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावलं. एक नंबर १३०, तीन नंबर १२५, आणि दोन नंबर ७५ पीएसआय. दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं तर काटा ११५ वर गेला. ऑइलनं फट बुजली की दाब वाढतो, व्हॉल्व्ह गळत असता तर एवढा वाढला नसता. म्हणजे बोअर आणि रिंगाच.

गॅरेजवाल्यानं सगळं धरून ३४ हजार सांगितले. तेवढे नव्हते. मग मी शहाणपणा केला.

कोल्हापूरकडं भंगारात एका एमएच-०९ ८०० चं अख्खं इंजिन ११ हजारांना आहे असं कळलं. मित्राचा पिकअप घेऊन गेलो. इंजिन जमिनीवर, खाली टायर. विकणारा म्हणाला, "साहेब, बोट लावून बघा की." प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, त्यानं पुलीला पाना लावून फिरवलं, अंगठा उडाला. तिन्ही भोकांवर उडाला. पैसे दिले, बिल घेतलं, इंजिन चढवलं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करतो. आठ तास माझ्या हातात मायक्रोमीटर असतो. परत येताना संकेश्वरजवळ चहाला थांबलो तेव्हा मित्र शांतपणे म्हणाला, "दिवसभर मायक्रॉन मोजतोस आणि इंजिन अंगठ्यानं घेऊन आलास होय गा?" तोपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, शपथ.

घरी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं. त्याखालचं हेड गॅस्केट (फट बंद करणारा पातळ थर) दोन आणि तीनच्या मधे काळं पडलेलं. इंजिन कधीतरी चांगलंच तापलं होतं. हेड उलटं करून त्यावर स्टीलची सरळ पट्टी धरली, तर मधोमध ०.१५ मिलिमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरकत गेला. ०.०५ च्या वर गेलं की हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, द्यायचं, हे तर तिप्पट. एक नंबरच्या बोअरमध्ये उभी रेघ, नख अडकेल एवढी. अंगठ्याला रेघ कळत नाही.

आता दोन इंजिनं गोठ्यात आणि गाडी बिनइंजिनाची. इथं एक कागदोपत्री गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या भागात बरेच जण पलीकडून इंजिन आणतात. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्यावर, ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, आणि तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो. त्यात ब्लॉक दुसऱ्या राज्याच्या पासिंगचा असला की कागद वाढलेच. हेड, क्रँक (पिस्टनांच्या जोरावर फिरणारा दांडा), रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा) यांना ही भानगड नाही. म्हणून ठरवलं, ब्लॉक बाबांच्याच गाडीचा ठेवायचा आणि बाकीचं दोन्हींतलं जे बरं असेल ते घ्यायचं.

या वेळी मात्र मोजूनच. शनिवारी सुट्टी झाल्यावर सुपरवायझरना विचारून बोअरचा व्यास मोजायचा डायल गेज घरी आणला. प्रत्येक बोअरमध्ये वर, मधे, खाली, आणि तिन्ही ठिकाणी आडवं-उभं अशी दोन-दोन मापं. अठरा आकडे खडूनं गोठ्याच्या भिंतीवर लिहिले, ते अजून तसेच आहेत. आमच्या ब्लॉकमध्ये दोन नंबरला वरच्या टोकाशी क्रँकला आडव्या दिशेनं ६८.६४, उभ्या दिशेनं ६८.५५. खाली ६८.५२. पिस्टन खाली येताना रॉड तिरका असतो आणि पिस्टन एका भिंतीवर रेटला जातो, म्हणून घासण आडव्या दिशेला जास्त. एक आणि तीन बरे होते.

क्रँकची गंमत उलटी. आमच्या क्रँकच्या दोन नंबरच्या रॉड जर्नलवर (रॉड बसतो त्या गोल भागावर) चरे होते, बेअरिंगचा शेल तांबडा दिसायला लागलेला. कोल्हापूरच्या क्रँकची चारही मेन (ब्लॉकमध्ये बसणारे) आणि तिन्ही रॉड जर्नल गोल, स्टँडर्ड साइज, कुठंही १० मायक्रॉनच्या वर फरक नाही. म्हणजे तापून मेलेल्या इंजिनाचा कणा ठणठणीत. क्रँक आणि रॉड तिकडचे घेतले, ब्लॉक आणि हेड इकडचं. रॉड घेताना एक सांभाळा, कॅप (बेअरिंगवरचा अर्धगोल तुकडा) ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच बाजूनं. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकबरोबरच बोअर केलेल्या असतात, त्या ब्लॉक सोडून जात नाहीत. मी पंचनं टिंब मारून ठेवले होते, एक, दोन, तीन.

बोअरिंगला उद्यमबागेतल्याच एका जुन्या मेस्त्रींकडं गेलो. ब्लॉक टेबलावर ठेवला तर ते त्याच्याकडं बघेनातच.

"पिस्टन आणलास काय?"

"न्हाई. आधी बोअर करून घ्यावं म्हटलं."

"मग कशाच्या मापानं करू? तुझ्या तोंडाकडं बघून?"

बरोबर होतं. पिस्टन सगळे अगदी सारखे नसतात. आधी पिस्टन आणायचे, प्रत्येकाचा स्कर्ट (खालचा भाग) पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरनं मोजायचा, आणि ज्याच्या त्याच्या मापानं ज्याचा त्याचा बोअर. ०.२५ ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा तेवढे मोठे) घ्यावे असं माझं मत होतं, तेवढाच ब्लॉक कमी कापला जातो. मेस्त्रींनी पाटीवर हिशेब मांडला. घासण सगळी एकाच भिंतीला ०.१४ असेल, तर मध्य न हलवता ती साफ करायला व्यासात ०.२८ काढावे लागतात. ०.२५ मध्ये त्या भिंतीवर जुना चट्टा तसाच राहणार. मध्य हलवला तर जमेल, पण मग तो बोअर क्रँकच्या मध्यावर राहात नाही. म्हणून ०.५०, तिन्ही बोअर. दोन नंबर खराब म्हणून दोनच नंबर मोठा करायचा नाही, तिघांचं वजन आणि ताकद सारखी हवी. पिस्टन आणि बोअरमध्ये ०.०४ ची फट, वर होनिंगच्या (दगडानं घासण्याच्या) तिरप्या जाळीदार रेघा. बोअर आता ६९ चा, म्हणजे इंजिन झालं ८०८ सीसी.

मेस्त्रींनी ब्लॉक परत देताना एकच सांगितलं, "पेट्रोलनं धुवू नको." होनिंगच्या दगडाची पूड त्या रेघांत बसलेली असते. पेट्रोल तेल काढतं, पूड तिथंच राहते, आणि नव्या रिंगांना ती पॉलिश पेपरासारखी खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश. भर जुलैत, आपल्याकडच्या झडीत, मागच्या अंगणात न्हाणीच्या बंबातलं पाणी ओतून मी ब्लॉक घासत बसलो. आई दारातनं बघत होती. "काय धुवूलास एवढं? पोराला कधी असं न्हाऊ घातलं नाहीस." पांढरं फडकं बोअरमधून फिरवायचं आणि बघायचं. पहिल्यांदा राखाडी, दुसऱ्यांदा राखाडी, पाचव्या वेळी पांढरं ते पांढरंच आलं. मी खूश होऊन आत चहाला गेलो.

पाच मिनिटांचा चहा. येऊन बघतो तर तिन्ही बोअरवर बारीक तांबूस साय. ताजं कापलेलं बीड (ओतीव लोखंड), वर आपली पावसाळी हवा. परत धुतलं, पुसलं, आणि या वेळी ओल्या अंगावरच ऑइलचं फडकं फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं. पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांनी ऑइलचा डबा उघडूनच पाणी ओतायला घ्यावं.

जुळवणीचं सगळं लिहीत नाही, दोनच गोष्टी. प्रत्येक रिंग तिच्या बोअरमध्ये घालून पिस्टननं सरळ ढकलून तोंडातली फट मोजली. सगळ्यांची ०.२५ च्या आसपास, एका टॉप रिंगची ०.१२. रिंग तापली की लांबते, तोंडं भिडली तर मोडते नाहीतर बोअर खरडते. बारीक कानशीनं एकाच दिशेला घासून ०.२५ वर आणली. सेट नवा आहे म्हणून डोळे झाकून घालणारे बरेच आहेत, तुम्ही मोजा. दुसरी, हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, मागून आणलेल्या टॉर्क रेंचनं. आमचं हेड सरळच होतं, नुसतं फेसिंग करून व्हॉल्व्ह घासले आणि सील बदलले.

इंजिन परत बसवायला चौघं लागले, त्यातला एक फक्त तुळईकडं बघायला. काका.

सुरू करताना प्लग काढूनच स्टार्टर मारला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग, वायरी, चावी. फट्ट! कार्ब्युरेटरातून जाळ. परत फट्ट. प्लग पेटण्याचा १-३-२ चा क्रम तीनदा तपासला, बरोबर. एअर फिल्टर सोडून तासभर डोकं धरून बसलो. शेवटी एक नंबरच्या प्लगच्या भोकात चिंधी कोंबून पुली हातानं फिरवली. खूण जुळताना चिंधी उडाली नाही, आणखी एक फेरा फिरवल्यावर उडाली. पिस्टन वर येतो दोनदा, एकदा दाबायला आणि एकदा धूर बाहेर काढायला. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) मी धुराच्या वेळी बसवला होता. उपसून परत घातला, अर्ध्या चावीत चालू. तीन सिलिंडरचा तो थरथरता आवाज ऐकून आई बाहेर आली आणि म्हणाली, बाबा आले असं वाटलं.

सध्या ३१० किलोमीटर झालेत. ५० ला पहिलं ऑइल काढलं, त्यात चकाकी होती, ती असतेच. रिंगा बसवायच्या तर इंजिन कुरवाळत एकाच वेगानं चालवून भागत नाही. थोडा भार द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा. त्यासाठी येळ्ळूरचा राजहंसगड मला सोयीचा पडला. चढाला दुसऱ्या गियरमध्ये ओढायची, उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून तिच्यावरच उतरायची. साठच्या वर अजून नेली नाही. कॉम्प्रेशन परवा मोजलं, १६०, १६५, १६०. धूर नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ऑइल पाझरतंय, तिथली ओ-रिंग जुनीच घातली होती, कंजूषपणा.

पैशाचं आता. पिस्टन-रिंग ३,८००, बेअरिंग १,४००, गॅस्केट किट १,३००, बोअरिंग-होनिंग १,३५०, हेडचं काम १,६००, ऑइल पंप १,५००, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर १,१००, क्लच प्लेट २,२००, माउंटिंग ९००, ऑइल-कूलंट-फिल्टर १,९००. झाले १७,०५०. कोल्हापूरचं इंजिन ११,००० आणि पिकअपचं डिझेल-टोल १,५००. तिथला कार्ब्युरेटर, अल्टरनेटर आणि स्टार्टर विकून ४,५०० परत आले. निव्वळ २५,०५०. गॅरेजपेक्षा नऊ हजार वाचले असं घरी सांगितलंय. तुम्हाला खरं सांगतो, आमचाच क्रँक ग्राइंडिंगला दिला असता तर मेस्त्रींनी १,२०० घेतले असते. मी त्या क्रँकसाठी आठ हजार मोजले.

कोल्हापूरचा ब्लॉक आणि हेड गोठ्यात पडून आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जा, भंगाराच्या भावात देतो. हेड ०.१५ वाकलंय. ब्लॉकचा दोन आणि तीन नंबर ०.२५ मध्ये निघेल, एक नंबरची रेघ ०.५० मध्येही जाणार नाही, तिथं स्लीव्ह (आतून नवी नळी) मारावी लागेल. त्याचीही अठरा मापं भिंतीवर आमच्या ब्लॉकच्या मापांशेजारीच लिहिलेली आहेत, येताना गेज घेऊन या आणि ताडून बघा.